मीटिंगचे मिनिट्स तर तूच लिहिलेस ना?

"मावशी, जय ख्रिस्त. मी 12 वर्षं आमच्या मंडळीच्या कमिटीची सेक्रेटरी आहे. राबते मी, नाव होतं दुसऱ्यांचं. यंदा वर्धापनदिनाच्या बॅनरवर सगळ्यांचे फोटो, माझाच नाही. पाळकसाहेबांनी उपदेशात बायबलमधल्या एबद-मलेखबद्दल सांगितलं तेव्हा वाटलं, हा अगदी माझ्यासारखा, गुपचूप सेवा करणारा. मागच्या मीटिंगमध्ये चर्चच्या म्हाताऱ्या शिपाईकाकांना काढायचं ठरलं, कंपाऊंडमधली खोलीपण महिनाअखेर सोडायची, तेव्हाही वाद नको म्हणून मी शांतपणे मिनिट्स लिहीत राहिले. पण आता थकले. राजीनामा देऊ का?"

बाळा, बॅनरचं मला काही विचारू नकोस. तुझं पत्र वाचताना मी काकांपाशी अडकले ते अडकलेच, पुढचं राजीनाम्याचं वाक्य दोनदा वाचावं लागलं. एका म्हाताऱ्या माणसाचं डोक्यावरचं छप्पर जातंय आणि ते ज्या कागदावर लिहिलंय तिथे अक्षर तुझं आहे, आणि हे तू मला तुझ्या शांतपणाचं उदाहरण म्हणून सांगतेस? मला राग आलाय, खरंच सांगते.

आणि एबद-मलेख तुझ्यासारखा? बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय आज रात्री परत काढ. हा माणूस कूशी, म्हणजे आजच्या सुदानकडचा, यरुशलेमेत परका, राजवाड्यातला षंढ सेवक, नावाचा अर्थसुद्धा नुसता 'राजाचा चाकर'. सरदारांनी यिर्मयाला दोरांनी टाक्यात सोडलं, पाणी नाही, नुसता चिखल, त्यात तो रुतलेला. राजा सिद्कीया आधी सरदारांना म्हणून बसलेला की तो तुमच्या हातात आहे, मी काय करणार. वेढ्यामुळे शहरात भाकरी संपत आलेली, प्रत्येकाला आपापली पडलेली. आणि हा चाकर वाड्यातून उठून बाहेर जातो, राजा बन्यामिनाच्या वेशीत बसलेला, चारचौघांच्या येण्याजाण्याची जागा ती, आणि तिथे सरळ सांगतो की ह्या लोकांनी केलं ते वाईट केलं, तो माणूस उपाशी मरेल. आडवळण नाही, नंतर एकटं गाठून कुजबुज नाही. राजाने 30 माणसं दिली.

तो घाबरत नव्हता असं समजू नकोस हं. 39 व्या अध्यायात देव त्याला निरोप धाडतो की ज्यांची तुला भीती वाटते त्यांच्या हाती तू पडणार नाहीस. म्हणजे भीती होतीच, ती घेऊनच तो वेशीपर्यंत चालत गेला होता, आणि मला हा माणूस आवडतो तो त्यामुळेच.

आणि त्या चिंध्या! 30 माणसं हाताशी असताना तो आधी भांडाराच्या खालच्या खोलीत जातो, फाटकेतुटके जुने कपडे गोळा करतो, दोरांनी खाली सोडतो आणि यिर्मयाला वरून सांगतो की हे काखेत घाल आणि त्यावरून दोर घे, का तर उपाशी म्हाताऱ्या अंगाला दोर काचू नये. शांत सेवा म्हणतात ती ही, आणि ती त्याने तोंड उघडल्यानंतर केली, तोंड उघडायच्या ऐवजी नाही.

तर राजीनामा आत्ता नाही. पुढच्या मीटिंगमध्ये पहिलाच विषय मागचे मिनिट्स वाचून कायम करायचा असतो, आणि वाचणार तूच. काकांच्या ठरावापाशी आलीस की थांबायचं आणि म्हणायचं, हे आपण चुकीचं केलं, मीपण गप्प बसले, हा ठराव परत विचारात घ्या. आवाज कापेल, कापू दे. अध्यक्ष चिडले तर तुझं म्हणणं तुझ्याच हाताने मिनिट्समध्ये उतरवायचं, तुझ्या नावासकट.

पण त्याआधी, उद्याच, काकांच्या खोलीवर जा. वही नेऊ नकोस, डबा ने. इतकी वर्षं त्यांनी उघडलेल्या दारातून तू आत गेलीस, कधी त्यांच्या दारात बसली आहेस का? खोली सुटली तर ते कुठे जाणार, औषधं चालू आहेत का, पगार किती महिन्यांचा राहिलाय, हे त्यांच्या तोंडून ऐक आणि मग मला लिही.