‘अर्धं घर माझं’ असं कायदा म्हणत नाही : घटस्फोटाविषयी वाचकांचे प्रश्न

दोघांचीही वेगळं व्हायची तयारी आहे, भांडण काही नाही. एका तारखेत काम होईल का?

नाही होणार. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यासाठी दोन पत्ते असलेच पाहिजेत असं नाही. एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून संसार थांबलेला असला तरी चालतं. अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे उभं राहायचं. मधले सहा महिने माफ होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर प्रकरणात सांगितलं. पण अर्जाच्या आधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं खरोखर मिटलेलं हवं. नुसती घाई हे कारण चालत नाही.

एक लक्षात ठेवा. हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली रक्कम देणाऱ्याने पहिल्याच दिवशी सगळी देऊ नये आणि घेणाऱ्यानेही सगळी शेवटावर ठेवू नये. काही भाग अर्जाच्या वेळच्या पहिल्या जबाबाला, उरलेला पुन्हा उभं राहून द्यायच्या दुसऱ्या जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने, हे बरं.

लग्नानंतर घेतलेल्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतोच ना?

हा गैरसमज सिनेमा-मालिकांनी पसरवला आहे. आपल्याकडे लग्नानंतरची मिळकत आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. कागदावर ज्याचं नाव, त्याची मालमत्ता. नाव दोघांचं असेल तर वाटा. पत्नीच्या हातात असते ती पोटगी, एकरकमी किंवा दरमहा. ती ठरवताना नवऱ्याची मालमत्ता न्यायालय विचारात घेतंच. राहत्या घराचं वेगळं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली सामायिक घरात राहण्याचा हक्क मागता येतो, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो आपोआप बाद होत नाही. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी.

फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. घटस्फोटाच्या करारात लिहिलंय की फ्लॅट मी ठेवणार. झालं ना काम?

सर्वात जास्त घोळ इथेच होतो. करार तुमच्या दोघांत आहे, बँक त्यात नाही. तुमचा हप्ता चुकला तर बँक दुसऱ्या कर्जदाराला धरणारच, घटस्फोट झालेला असो वा नसो. आधी बँकेकडून दुसऱ्याचं नाव कर्जातून काढून घ्या. एकट्याच्या पगारावर बँक तयार होईल का, हे करार लिहिण्याआधीच विचारा; नंतर नकार आला तर सगळी मांडणी कोसळते. मग दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवा, त्यानंतर सोसायटीच्या भाग-दाखल्यावरचं (शेअर सर्टिफिकेटवरचं) नाव बदला. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्कात सवलत आहे. हुकूमनामा झाला की ते नातंच उरत नाही, म्हणून दस्त त्याआधी उरकणं फायद्याचं.

लग्नातले दागिने सासरच्या लॉकरमध्ये आहेत.

हे स्त्रीधन, म्हणजे बाईची स्वतःची मालमत्ता; ते तुमचंच, कुठेही ठेवलेलं असो. यादी करा: वजन, पावती, लग्नातले फोटो. ‘पाच तोळ्यांचा हार’ नुसता लिहून भागत नाही; कोणी दिला, कधी, फोटोत कुठे दिसतो, हेही लिहा.

नवरा म्हणतो, नोकरी गेली, पोटगी कुठून देऊ?

सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (2020) निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ते अनेकदा वरवर भरलं जातं. तुम्ही मात्र ओळ न् ओळ वाचा. बँक खात्याचे उतारे, आयकर विवरणपत्रं, कार्डाचा खर्च मागा. उत्पन्न शून्य आणि महिन्याचा खर्च मोठा, ही विसंगती तुमच्या बाजूने बोलते. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मंजूर होते, म्हणून अर्ज लांबवू नका.

मुलगी चार वर्षांची आहे. ताबा आईलाच मिळतो का?

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं कायदा म्हणतो. ‘साधारणपणे’ हा शब्द महत्त्वाचा. शेवटी कसोटी एकच: मुलाचं हित. ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आईकडे राहिलं म्हणून वडिलांचं पालकत्व संपत नाही. मूल कळतं झालं की न्यायाधीश त्याच्याशी स्वतः बोलतात, आणि पढवलेलं पोर लगेच ओळखू येतं.

संमतीने ठरवत असाल तर ‘सुट्टीत वडिलांकडे’ असं लिहू नका. ‘पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी 11 ते रविवारी संध्याकाळी 6, आणणं-सोडणं वडिलांनी, दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, शाळेची फी अमुक जण भरणार, परदेशी नेण्याआधी लेखी संमती’ इतकं बारीक लिहा. मुलाची परीक्षा भेटीच्या दिवशी आली तर काय, तेही. पुढे परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश बदलून मागता येतो.

निकालानंतर लगेच दुसरं लग्न?

एकतर्फी किंवा लढवलेल्या खटल्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबा. अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत. परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. तरी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हातात आल्याशिवाय विवाह नोंदणीची तारीख घेऊ नका.