आधुनिक वर्ग कसा असावा? गावच्या शाळेसाठी वर्गणी जमली आहे, काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की माजी विद्यार्थ्यांनी शाळा डिजिटल करायला वर्गणी जमवली आहे आणि भिंतीवरचं मोठं टच पॅनल घ्यायचं जवळपास ठरलंय. घेऊ नका. निदान आधी ते घेऊ नका.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडेही अशीच वर्गणी झाली होती. बैठकीत मी म्हणालो, आधी वर्गांची वायरिंग नीट करू, छतावर सोलर आणि चांगली बॅटरी बसवू, उरलेल्या पैशात साधा टीव्ही. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, तुमी लेकरं शिकवा, खरेदीचं आमी बघतो." नारळ फुटला, फोटो निघाले, पॅनल आलं. बसवलं ऑफिसात, कारण कुलूप धड लागतं ते त्याच दाराला. लेकरांना काही दाखवायचं तर अख्खा वर्ग उठवून तिकडं न्यायचा, आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. सोबत घेतलेली इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळी सुट्टीत चार्जिंगविना पडून राहिली. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती चार्ज घेत नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पॅनलवर सतरंजी पांघरलेली होती.

खरं काम केलं ते एका पालकांनी दिलेल्या जुन्या टीव्हीनं आणि पेन ड्राइव्हनं. भरती-ओहोटी शिकवत होतो. आमच्या लेकरांनी समुद्र पाहिलेला नाही, पाणी म्हणजे मांजरा नदी, नाहीतर टँकर. व्हिडिओत सकाळी तरंगणारी होडी दुपारी चिखलात कलंडलेली दिसली, तिथंच थांबवलं. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, एवढं पाणी कुणी उपसलं?" मग तास त्यावरच गेला. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. वरची २५ मिनिटं कुठून आली? पृथ्वी फिरते तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढं सरकलेला असतो. हे फळ्यावर खडूनंच काढावं लागलं. व्हिडिओ जेमतेम दोन मिनिटांचा होता.

जे गावात नाही ते पडद्यावर दाखवा. मटकीला मोड येताना पडद्यावर दाखवणाऱ्यांचं मला नवल वाटतं, वाटीभर मटकी भिजवायला काय लागतं? दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं, पुस्तकातल्या क्यूआर कोडचं जे लागेल ते रेंज असेल तिथून आधीच डाउनलोड करून आणा. प्रोजेक्टर तर पत्र्याच्या, उघड्या खिडक्यांच्या खोलीत नकोच, उजेडात काही दिसत नाही. दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी मोबाईलमध्ये धडे भरून देऊन पाहिले. पण मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर फडात. त्यांना वसतिगृहच हवं, ॲप नव्हे.

हां, शाळा मोठी असेल, दारं पक्की असतील, लाईट टिकत असेल आणि गणित-विज्ञानाचे शिक्षक स्वतः मागत असतील, तर पॅनल चांगलंच. भूमितीची आकृती बोटानं फिरवून दाखवता येते, साध्या टीव्हीवर ते जमत नाही. दुरुस्तीला माणूस कुठून येणार आणि वीजबिल कोण भरणार, हे मात्र पैसे देण्याआधी लिहून घ्या.

आणि खरेदीच्या बैठकीत वर्गावरच्या शिक्षकाला बोलवा. चहा द्यायला नव्हे. त्याला आधी बोलू द्या, अध्यक्षांनी नंतर बोलावं.