प्रत्यारोपणानंतरचा पहिला उन्हाळा

प्रश्न : यांचं किडनी प्रत्यारोपण ऑक्टोबरात झालं. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.२ आहे. उन्हाळा तोंडावर आलाय. पाणी किती द्यायचं? कूलर लावला तर चालेल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : कूलर लावा, पण टाकी त्यांना साफ करू देऊ नका. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं, कारण जुन्या वाळ्याच्या ताट्यांत बुरशी असते आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना ती फुप्फुसात जाणं परवडत नाही. ताट्या दरवर्षी नव्या घ्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून ब्रशने घासा आणि वाळवा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात.

पाण्याचं म्हणाल, तर बहुतेकांना दिवसाला अडीच-तीन लिटर सांगितलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तेवढं पुरत नाही. किती वाढवायचं ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. हृदयाचा त्रास असेल तर आकडा वेगळा असतो. घरी वजनकाटा हवाच. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत मांडा. एका दिवसात किलोभर घटलं आणि लघवी गडद झाली, तर पाणी कमी पडतंय. किलोभर वाढलं आणि पाय सुजले, तर उलट, आणि तेव्हा त्याच दिवशी फोन करा.

जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र वाट पाहू नका. शरीर कोरडं पडतं, शिवाय जुलाबात आतड्यातून टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबून नवी किडनी टिकवणारी गोळी) जास्त शोषलं जातं. दोन्हींनी क्रिएटिनिन चढतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर ती त्या दिवशी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : डोस तोच, तरी टॅक्रोलिमसची पातळी एकदा ६ आणि पुढच्या वेळी ११ आली. असं का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आधी एवढं तपासा : त्या सकाळी गोळी घेऊन रक्त दिलं होतं का? रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं असतं. आधी गोळी पोटात गेली तर आकडा फुगतो, आणि त्या खोट्या आकड्यावर डोस कमी केला तर किडनी नाकारली जाण्याचा धोका. लॅब आठला उघडत असेल तर गोळ्यांची वेळ रोजचीच सकाळ-रात्री नऊ ठेवा, म्हणजे तपासणीच्या दिवशी धावपळ होत नाही. गोळी सोबत न्या आणि रक्त देऊन झाल्यावर घ्या.

दुसरं, मधे कोणी औषध दिलं का? बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बीपीचं डिल्टियाझेम पातळी वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटोईन ती खाली पाडतात. औषधवाल्याने 'हे पण तेच आहे' म्हणून दुसरी कंपनी दिली असेल, तर तेही सांगा. दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची टॅक्रोलिमस तर एकमेकींच्या जागी मुळीच चालत नाहीत.

प्रश्न : तर्री-पोहे आणि संत्री बंदच का?
– एक वाचक, महाल

उत्तर : संत्री चालतात, पोटॅशियम ठीक असेल तर. टॅक्रोलिमसनेही पोटॅशियम वाढतं, म्हणून ते ५ च्या वर असेल तर संत्री आणि शहाळं दोन्हींवर हात आखडता घ्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र नकोच, त्यांनी गोळीची पातळी चढते. तर्री-पोहे घरी करा. गाडीवरचे, वरून कच्चा कांदा पेरलेले पहिलं वर्ष तरी टाळा. रसवंतीचा बर्फ घातलेला रसही त्यातच आला. मिठाचा हात आवरा, तर्रीत ते बरंच असतं.

अंग दुखलं तर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर गोळी घेऊन तो दाबण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा, मध्यरात्र असली तरी.