‘माल फेल गेला’ एवढ्यावर थांबू नका

प्रश्न : दीड एकर थॉमसन द्राक्षबाग निर्यातीसाठी नोंदवली होती. औषधाचे अंश जादा आले म्हणून निर्यातदाराने माल उचलला नाही. कोणतं औषध ते कोणी सांगितलं नाही. मी तर दुकानदाराला विचारूनच फवारण्या घेतल्या. चुकलं कुठे? – एक बागायतदार, ता. निफाड

उत्तर : दादा, आधी प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत मागून घ्या. नमुना तुमच्या प्लॉटचा होता. त्यात काय निघालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे.

अहवालात औषधातल्या घटकाचं नाव असतं, बाटलीवरचं कंपनीचं नाव नसतं. घोळ इथेच होतो. बऱ्याच वह्यांत मी ‘ता. 12, डाउनीचं औषध, 200 लिटर’ एवढंच लिहिलेलं पाहतो. त्यावरून काही जुळत नाही. घटक, प्रमाण, तारीख, प्लॉट हे सगळं त्याच दिवशी लिहा. लेबलचा फोटो काढा, पक्कं बिल घ्या. ‘जैविक आहे, अंश राहत नाहीत’ असं सांगून दिलेली बिनालेबलची बाटली बागेत नेऊच नका.

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच चालतं. म्हणजे शंभर टन द्राक्षांत 1 ग्रॅम! आधीच्या फवारणीचं ब्लोअरच्या टाकीत उरलेलं पाणीही महागात पडू शकतं.

2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती सीसीसीमुळे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडमुळे. वेलीची वाढ रोखायला आपण ते सर्रास वापरायचो. तिकडची मर्यादा बागेपर्यंत पोहोचली नव्हती आणि आपल्या तपासणीच्या यादीतही ते नव्हतं. फटका बसला तो बागायतदाराला. ते दिवस आठवले की आजही वाईट वाटतं.

म्हणून गोडी छाटणीआधीच, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी करतो त्या छाटणीआधीच, निर्यातदाराला विचारा : माल कोणत्या देशात, कोणत्या खरेदीदाराकडे जाणार? काही सुपरमार्केटच्या अटी सरकारी मर्यादेपेक्षा कडक असतात. पुण्याजवळ मांजरी गावी असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी, आपण जिला ‘अनेक्शर 5’ म्हणतो, ती दरवर्षी नव्याने घ्या. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत तेही तिच्यात असतं. दुकानात जाताना ती खिशात ठेवा. दुकानदारालाही एक प्रत द्या, त्याचाही सल्ला सुधारेल.

अहवाल मिळाला की वही आणि बिलं घेऊन तालुका कृषी कार्यालयात या. शेजारच्या बागायतदारालाही आणा, कारण वाऱ्याबरोबर त्याची फवारणी तुमच्या घडांवर आली असेल, तर ते त्याच्या वहीतच सापडेल.