बोरीखाली बसलेली दोघं

ताई, सप्रेम नमस्कार.

आमचं गाव औसा तालुक्यात. मी १६ वर्षं पुण्यात नोकरी करतो. गावाकडं साडेतीन एकर आहे. आई-वडील गेले, तरी मी एकही येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला रानात जाऊन पूजा आणि जेवण करायचा आमच्याकडचा सण, चुकवलेली नाही. मागची येळवस १९ डिसेंबरला, शुक्रवारी आली. लातूरला सुट्टी होती, पुण्यात नव्हती. रजा टाकून, रात्रभर गाडी चालवून बायको-मुलांना घेऊन गेलो. भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी), ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, सगळं चुलतीच्या घरी तयार होतं. पण बायको नाराज. ती नाशिकची, तिला हा सण नवा. म्हणते, मुळशीकडं एखाद्या कृषी पर्यटन केंद्रावर जाऊ, हुरडाही मिळेल आणि पोरंही रमतील. मुलं तासाभरात कंटाळली. मोठीनं विचारलं, पूजेला मांडलेल्या या पाच दगडांना पांडव का म्हणायचं? मला सांगता आलं नाही. थोरला भाऊ लातूरहून आला, जेवला आणि शेत विकायचा विषय काढून गेला. शेत ९ वर्षांपासून बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलंय. आम्ही पोचायच्या आत बटईवाला पूजेची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी करून, पांडव मांडून ठेवतो. समजूतदार माणसं आहेत. आम्ही आलो की नवरा-बायको बांधावरच्या बोरीखाली जाऊन बसतात, मध्ये येत नाहीत. ताई, मी एकट्यानं हे किती दिवस ओढू? बायकोला आणि भावाला या सणाचं महत्त्व कसं पटवू?

— येळवस न चुकवणारा

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बोरीखाली अडकले. बायको, भाऊ, मुलांचा कंटाळा यांवर तुम्ही भरभरून लिहिलंत. त्या दोघांना दोन ओळी दिल्यात, त्याही त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक करण्यापुरत्या. मला मात्र त्या दोन ओळींपुढं जाता येत नाही.

‘मध्ये येत नाहीत’ म्हणजे कुणाच्या मध्ये? तुम्ही ज्या पिकाला हात जोडलेत ते त्यांनी पेरलं. पाऊस लांबला तेव्हा आभाळाकडं बघत ते बसले. रात्री रानडुकरं हाकलायला ते उठले. कडब्याच्या पेंढ्या रचून कोप त्यांनी उभी केली, आत पाच दगड चुन्यानं रंगवून त्यांनी मांडले. आणि पूजेची वेळ आली तेव्हा उठून बांधावर जाऊन बसायचं, हे त्यांना ९ वर्षांत कळून चुकलंय. कुणी ‘जा’ म्हटलं नसेल. ‘बसा’ही कुणी म्हटलेलं नाही.

मी त्याच मुलखातली आहे, म्हणून मला हे जास्त लागलं. येळवशीला लातूर ओस पडतं, बाजारपेठेत संचारबंदी लागल्यासारखी शांतता असते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. पण त्या शहरातल्या सगळ्यांना शेत असतं का? नसतं. तरी ती माणसं घरी बसत नाहीत. ज्याला रान नाही त्याला शेजारी नेतो, दोस्त नेतो, दुकानाचा मालक नेतो. ‘कुणाच्या रानात गेलतास?’ हा दुसऱ्या दिवशीचा पहिला प्रश्न असतो. माझे वडील बैलगाडीत वाटेत भेटेल त्याला बसवायचे. शाळेत नव्यानं बदलून आलेले परगावचे मास्तर असोत, नाहीतर पुलाच्या कामावरचे मजूर. आई आंबिलीचं बिंदगं, म्हणजे डोक्यावरून न्यायचं भांडं, भरताना कधी माणसं मोजायची नाही. अनोळखी वाटसरूलाही हाक मारून जेवू घालायचं, ही या सणाची रीत. आणि तुमच्या रानात पंचवीस पावलांवर दोन ओळखीची माणसं बसलेली असताना कुणी हाक मारली नाही.

तुम्हाला वाटतं तुम्ही येळवस टिकवली. तुम्ही तारीख टिकवलीत, रजा टाकलीत, प्रवास केलात, त्याची किंमत मला कळते. रात्रभर गाडी चालवणारा माणूस मनापासून चालवतो. पण ही मार्गशीर्षातली अमावस्या कुणाची असते? खरीप घरात आलेला असतो आणि रब्बी रानात उभी असते. ज्वारी हुरड्यात, हरभऱ्याला घाटे. या पूजेला भटजी लागत नाही, पोथी लागत नाही. ज्याच्या हातून पेरा झाला त्यानं काळ्या आईला घास द्यायचा, आंबिलीचे शिंतोडे उडवत रानाला फेरी मारायची, ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणायचं. कुठं ओलगे, कुठं वलगे, गावागणिक उच्चार वेगळा. सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीकडं हीच येळ्ळ अमावस्या. कन्नडमध्ये येळ्ळु म्हणजे तीळ, आणि आपल्याकडंही त्या दिवशी तिळाच्या पोळ्या लागतात. मराठी-कन्नडची अशी सरमिसळ झालेल्या सणात तुम्ही एकाच रानातल्या माणसांमध्ये बांध घातलात.

माझी आजी या दिवसाला काळ्या आईचं डोहाळजेवण म्हणायची. वर्षभर जिनं तिची काळजी वाहिली तिला सोडून डोहाळजेवण कसं होईल, सांगा.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ऐकली आहे. ‘बटईवाल्याला फार जवळ करू नका, कूळ लागेल’, म्हणजे कसणारा म्हणून तो जमिनीवर हक्क सांगेल. हैदराबाद कूळवहिवाट कायदा १९५० चा. त्याची धास्ती तीन पिढ्या झाल्या तरी जात नाही. म्हणून करार तोंडी ठेवायचा, माणूस लांब ठेवायचा. तुमच्या वडिलांनी तसं शिकवलं असेल तर मी त्यांना दोष देत नाही. पण भाऊ, आंबिलीच्या घोटानं कूळ लागत नाही. करार नीट लिहून घ्यायचा असेल तर वकील गाठा आणि लिहून घ्या, त्यात त्यांचंही भलं आहे. ती भीती कोपीच्या दारात आणू नका.

तुमच्या बायकोचं मला पटतं. त्या बाईला कुणी काही दाखवलंच नाही. तयार कोपीपुढं तयार जेवण घेऊन बसायचं आणि दोन तासांनी उठायचं, हे औशात केलं काय आणि मुळशीत केलं काय. मुलांचंही तेच. तुमच्या लेकीनं पांडवांचं विचारलं, किती चांगला प्रश्न! आजी मला सांगायची, ते रानाची राखण करतात. दुसऱ्या गावात दुसरं काही ऐकू येईल. तुमच्या रानातलं उत्तर त्या बोरीखालच्या बाईकडं आहे, कारण ते दगड तिच्या घरानं मांडलेत. लेकीला तिच्याकडं पाठवायचं तुम्हाला सुचलं नाही. सोयाबीन आल्यापासून आपल्याकडं ज्वारी किती कमी झाली! कडबा मिळत नाही म्हणून लोक साड्या आणि शेडनेट लावून कोप करतात. तुमच्या कोपीला पेंढ्या कुठून येतात, त्या माणसाला कुठून आणाव्या लागतात, हे तुम्ही कधी विचारलंत?

भावाचं मी फारसं बोलत नाही. शेत ठेवायचं की विकायचं हे तुम्ही दोघं ठरवाल. फक्त विकायचं ठरलं तर पहिली खबर त्या दोघांना द्या, गिऱ्हाईक बांधावर येऊन उभं राहायच्या आधी.

आणि तुम्ही काय करायचं ते सांगते. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळं पुढची येळवस जानेवारी २०२७ मध्ये पडते, हातात वेळ आहे. त्यांना फोन करा आणि आवतण मागा. द्यायचं नाही, मागायचं. म्हणायचं, ‘यंदा येळवस तुमची. आम्ही पाहुणे म्हणून येऊ का?’ तो बिचकेल, ‘नको मालक, तुम्हीच करा’ म्हणेल. लगेच ‘बरं’ म्हणून सुटका करून घेऊ नका. दुसऱ्यांदा फोन करा, आणि या वेळी त्याच्या बायकोशी बोला. बिंदगं तिच्या डोक्यावर असेल, आंबील तो शिंपडेल, तुम्ही मागून चालाल. चुलतीला सांगा, भज्जी थोडी करा, यंदा आपण दुसऱ्याची खाणार आहोत. तिळाच्या पोळ्या तेवढ्या न्या, पाहुण्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये. आणि आदल्या दिवशी दुपारीच पोचा, मुलांना घेऊन. कोप बांधताना पेंढ्या धरायला माणसं लागतात.

तुमच्या पत्रात पुणं, मुळशी, नाशिक, लातूर सगळ्यांची नावं आली. त्या दोघांना नाव नाही, त्यांना मुलंबाळं आहेत की नाहीत तेही नाही. फोन लावाल तेव्हा तिथून सुरुवात करा.

— तुमची ताई