वाचक विचारतात : भायखळ्याचं स्मारक आणि गोदीतला स्फोट

प्रश्न : भायखळ्याला फायर ब्रिगेडच्या हेडऑफिसात १४ एप्रिलला हार-फुलं वाहतात ते स्मारक नक्की कुणाचं? माझे पणजोबा गोदीत हमाल होते, स्फोटात गेले असं घरी सांगतात. त्यांचं नाव तिथे असेल का? आणि आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या ही थापच ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : विटांचं आधी सांगून टाकतो, थाप नाही. १९४४ साली व्हिक्टोरिया डॉकला लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर १२४ सोन्याच्या विटा होत्या, त्यातली एक खरंच लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून आली आणि त्यांनी ती परत केली!

पण त्याच बोटीत साधारण १४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीला त्याच्याच सोबत कापसाच्या गाठी भरलेल्या, म्हणजे हे भरताना कुणाचं डोकं ठिकाणावर होतं देव जाणे. दुपारी कापसाला आग लागली, बंबवाले धावले, ९०० टनांच्या वर पाणी ओतलं तरी विझेना, उलट पाण्यावर तरंगत जळता कापूस वर दारूगोळ्याकडे सरकला असं म्हणतात. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा, हादऱ्याची नोंद शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. मांडवी, मशीद बंदरच्या बाजूला जळता कापूस पडून वखारी पेटल्या, लोकांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकले.

बंब घेऊन गेलेले ६६ जवान त्यात गेले. भायखळ्याचं स्मारक त्यांचं, आणि देशभरात १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात तोही त्यांच्यामुळेच. त्यामुळे पणजोबांचं नाव तिथे मिळेल अशी आशा धरू नका. खरं सांगायचं तर मला हे खटकतं. जवानांचा मान आहेच, त्याबद्दल दुमत नाही, पण एकूण मेलेले कुठे ८००, कुठे १३०० असे वाचायला मिळतात, त्यात हमाल, खलाशी, आजूबाजूच्या चाळीतली माणसं, आणि वर युद्धाचा काळ म्हणून बातम्यांवर सेन्सॉर. विटा मात्र किती ते नक्की माहीत, बघा.

तुमच्या घरी पणजोबांचा गोदीतला बिल्ला, पगाराचा कागद असं काही असेल तर जपून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची माहिती आत्ताच लिहून काढा.