दूध पुरतंय का?

‘मॅडम, दूध पुरत नाही.’ समुपदेशक म्हणून बाळंतिणींशी बोलायला लागून मला अठरा वर्षं झाली, आणि या वाक्याइतकं दुसरं कुठलंच वाक्य मी ऐकलेलं नाही. कोणी पहिल्याच आठवड्यात म्हणते, कोणी रजा संपत आली की म्हणते. बऱ्याच जणींना बालरोगतज्ज्ञांनीच पाठवलेलं असतं. बाळाचं वजन व्यवस्थित वाढत असतं, पण आईचं रडणं थांबत नसतं.

काही वर्षांपूर्वी धायरीहून आलेल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सुनेचं पहिलं बाळंतपण, खरं तर माहेरी सोलापूरला व्हायचं. पण ऐनवेळी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सगळं सासरीच झालं. कोथरूडला माझ्याकडे आली तेव्हा बाळ ३५ दिवसांचं होतं. बरोबर नवरा आणि सासूबाई. बसल्या बसल्या नवऱ्याने मोबाइल पुढे केला. बाळ किती वाजता प्यायलं, कुठल्या बाजूला किती मिनिटं, शू किती वेळा, सगळं ॲपमध्ये टिपलेलं. बिचाऱ्याने मनापासून केलं होतं ते.

मी फाइल पाहिली. जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम, पाचव्या दिवशी २ किलो ६५०, आता ३ किलो ६००. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. २४ तासांत सात-आठ दुपटी ओली होत होती. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, दूध पुरतंय.

‘मग तुला का वाटतं पुरत नाही?’

‘संध्याकाळी सारखा रडतो. पाजून खाली ठेवलं की परत. सासूबाई म्हणतात, वरचं दूध सुरू करू. शेजारच्या काकू म्हणतात, अळिवाचे लाडू खाल्लेस का? फोनवर आई विचारते, पुरतंय का? सगळेच विचारतात...’ आणि मग अगदी हळू म्हणाली, ‘मीच पुरत नाहीये त्याला.’

वाक्याचा कर्ता बदलला होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही, पण मला तिथे धागा सापडला.

माझा विचार सुरुवातीपासून एकच राहिला आहे: बाळाचं काही समजून घ्यायचं तर आईकडे पाहावं लागतं आणि आईचं समजून घ्यायचं तर घराकडे. म्हणून पुढच्या भेटींना मी तिघांनाही बोलावलं. दूध कसं तयार होतं ते आधी नीट सांगितलं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. वरचं दूध भरवलं की बाळ अंगावर कमी पितं आणि मग खरोखरच दूध कमी होतं. संध्याकाळी पुन्हा पुन्हा पिणं, किरकिर करणं हे या वयात नेहमीचंच. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ते सर्वांत जास्त असतं. पान्हा मात्र मनाशी बांधलेला असतो. भीती, दुखणं, ताण असला की स्तनात दूध असूनही ते उतरायला वेळ लागतो. आपल्या आज्यांनी त्याला ‘पान्हा चोरणं’ म्हटलं, तेही गाईच्या बाबतीत. बाईच्या बाबतीत मात्र आपण थेट ‘हिला दूध नाही’ म्हणून मोकळे होतो, याचा मला अजूनही राग येतो.

सगळ्यांनी माना डोलावल्या. फरक काही पडला नाही. माहितीने शंका जाते, एकटेपण जात नाही.

तिसऱ्या भेटीत मी एकच प्रश्न तिघांना विचारला. ‘काल रात्री अडीच वाजता तुम्ही काय करत होता?’

नवरा म्हणाला, ‘हॉलमध्ये होतो. तिला त्रास नको म्हणून तिकडेच झोपतो. बाळाचा आवाज आला की ॲपमध्ये वेळ टाकतो.’

ती म्हणाली, ‘मी त्याला पाजत होते. आणि सॉरी म्हणत होते.’

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, ‘मी पण जागीच असते हो. रोज दारापर्यंत येते. आतून रडणं ऐकू येतं, तिचं. पण तिला वाटायचं, ही बघायला आली पुरतंय का. म्हणून परत जाते.’

एका घरात रात्री अडीच वाजता तीन माणसं जागी होती, तीन खोल्यांत, त्यातली दोघं तिच्याच काळजीने. आणि ती समजत होती, सगळे झोपलेत.

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं, हे मी फार उशिरा शिकले. ती सासूबाईंकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘आई, आत यायचं ना.’ सासूबाईंच्या मांडीवरचं बाळ तेवढ्यात कुरकुरलं. तिने पटकन ओढणी पुढे ओढली. कुर्त्यावर दोन ओले गोल उमटले होते. बाळाने अजून तोंडही लावलं नव्हतं. सासूबाईंनी ते पाहिलं, आणि दोघी एकदमच हसल्या, डोळे पुसत.

पुढचं काम सोपं होतं. ॲप बंद. नवरा रात्री खोलीत. बाळाचा ढेकर काढणं, दुपटं बदलणं त्याच्याकडे. पहाटे पाचला पाजून झालं की बाळ आजीकडे आणि आईला सलग तीन तास झोप. ‘पुरलं का?’ हा प्रश्न घरात कोणीही विचारायचा नाही. त्याऐवजी ‘तू जेवलीस का?’ विचारायचं.

वाचणाऱ्या घरांना दोन गोष्टी बजावून सांगते. बाळाची शू कमी झाली, वजन वाढेना, बाळ सुस्त पडून राहिलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. काही वेळा वरचं दूध खरंच लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तर निःशंक द्या, त्याने आईपण उणं होत नाही. पण सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी नकोच, आणि मधाचं बोट तर वर्षाचं होईपर्यंत नको. आणि बाळंतिणीचं रडणं: पहिले दहा-पंधरा दिवस मन हळवं असतंच. त्यानंतरही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, ‘मी नसलेलीच बरी’ असं म्हणत असेल, तर ते नखरे नव्हेत, आजार आहे, आणि बरा होणारा आहे. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

त्या मुलीचा फोन पंधरा दिवसांनी आला. ‘मॅडम, काल रात्री आई आत आल्या, अळिवाची खीर घेऊन. यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसल्या. बाळ प्यायचं कधी थांबलं, मला कळलंच नाही.’